पानगळीचा वायू : तुमच्याकडची झाडं सध्या काय करताहेत?

देवराई (१२ जानेवारी, रात्री ९:१०)

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी देशी बदामाचं मोठं झाड आहे. गेल्या आठवड्यापासून त्याची पानं लाल व्हायला लागली. खालचं अंगण झाडणाऱ्या मावशी आज म्हणाल्या, "थंडी बाधली झाडाला, पानं मरून पडायली." बावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि हेच वाक्य जवळपास प्रत्येक वर्गात ऐकलं. पान मरतं म्हणून पडतं. मला हे फार मनापासून खोडून काढायचं आहे, म्हणून हा धागा.

माझं माहेर श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा परसातल्या फणसाची एक जाड फांदी पिळवटून मोडली आणि सालीच्या आधाराने लोंबकळत राहिली. महिन्याभराने मी तिथे गेले. त्या फांदीवरची पानं तपकिरी झाली होती, चुरगाळली की पापडासारखा आवाज येत होता, पण एकही गळलं नव्हतं. मी एक ओढून पाहिलं, तर देठ मध्येच फाटला आणि अर्धा फांदीलाच राहिला. त्याच झाडाच्या धडधाकट फांदीवर एक पिवळं पान होतं. त्याला बोट लावलं मात्र, ते हातात आलं. देठाचं बूड गुळगुळीत, बशीसारखं, कुठेही फाटल्याची खूण नाही. फांदीवर उरलेला वणही तसाच स्वच्छ, त्यात रसवाहिन्यांचे ठिपके तेवढे दिसत होते.

मेलेली फांदी पान सोडू शकत नाही. पान सोडायला झाड जिवंत लागतं.

हे सोडणं ज्याच्या हुकमाने होतं तो एक वायू आहे, इथिलीन. दोन कार्बन, चार हायड्रोजन, बस. केळी-आंबे पिकवणारा म्हणून सगळ्यांना माहीत असतो. पण फळांच्या कितीतरी आधी त्याची ओळख पटली ती पानगळीतून. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यावरचे दिवे कोळशाच्या वायूवर जळत. जमिनीखालचे नळ गळायचे आणि त्या रस्त्यावरची झाडं भर उन्हाळ्यात पानं टाकायची. जिरार्दिन याने १८६४ मध्ये याची नोंद केली. वायूतला नेमका कोणता घटक हे करतो, ते १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोवने शोधलं. त्याच्या प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेली वाटाण्याची रोपं वर जायचं सोडून आडवी वाढत होती, आणि कारण निघालं दिव्याच्या वायूतलं इथिलीन. झाडं हा वायू स्वतःच तयार करतात, हे पक्कं सिद्ध व्हायला मात्र १९३४ उजाडलं. रिचर्ड गेनने पिकणाऱ्या सफरचंदांतून निघणारं इथिलीन रासायनिक पद्धतीने दाखवलं.

आता पानाबद्दल. पान आयुष्यभर सारखंच इथिलीन सोडत नाही. कोवळं, वाढतं पान बऱ्यापैकी सोडतं. पूर्ण वाढलेलं, काम करणारं पान अगदी थोडं, ताशी ग्रॅममागे एखाद-दोन नॅनोलिटर, म्हणजे लिटरच्या अब्जाव्या भागाइतकं. जून होऊन पिवळं पडू लागलं की पुन्हा वाढ. मधे खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच असा आलेख होतो. वर्षाच्या पाटावर हा आलेख ठेवला की आपल्याकडचं चित्र युरोपच्या उलट दिसतं. तिकडे एकच गळ, ऑक्टोबरातली. आपल्याकडे डिसेंबर ते मार्च कोरड्या दिवसांत गळ, आणि मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस दोन-अडीच महिने लांब असताना, पिंपळाची गुलाबी आणि कुसुमाची लालभडक पालवी. म्हणजे जून पानाचं इथिलीन आणि कोवळ्या पानाचं इथिलीन, दोन्ही उंचवटे आपल्या उन्हाळ्याच्या आगेमागेच येतात.

मग प्रश्न असा की कोवळं पान इतकं इथिलीन सोडूनही गळत का नाही? सगळी गंमत इथेच आहे. कोवळं पान ऑक्सिन नावाचं दुसरं संप्रेरकही भरपूर बनवतं आणि ते देठातून सतत खाली पाठवत राहतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पट्टा असतो. जोवर वरून ऑक्सिन येतंय, तोवर हा पट्टा इथिलीनला दाद देत नाही. पान जून झालं, ऑक्सिनची धार बारीक झाली, की तोच पट्टा इथिलीनला हळवा होतो. तिथल्या पेशी सेल्युलेज, पेक्टिनेज अशी विकरं (एन्झाइम) सोडतात, पेशींना जोडणारा चिकट थर विरघळतो आणि पान स्वतःच्या वजनाने किंवा वाऱ्याच्या झुळकीने सुटतं. खाली बुचासारखा थर आधीच धरू लागलेला असतो, म्हणून जखम उघडी राहत नाही.

आणि पडण्याआधी झाडाने त्या पानातला नत्राचा मोठा वाटा खोडात ओढून घेतलेला असतो. मावशींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे घर रिकामं करून मग कुलूप लावतंय." मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

तुमच्याकडे सध्या कोणतं झाड गळतंय, कधी सुरू झालं, पाणी होतं की नव्हतं, ते लिहा. मी आजच एक छोटा प्रयोग लावला आहे, निकाल आला की इथेच लिहीन.

डाळिंबाचा_मळा (१२ जानेवारी, रात्री १०:३५)

मॅडम, नमस्कार. सांगोल्याकडचा आहे. तुम्ही लिहिलं ते आम्ही दरवर्षी पैसे मोजून करतो. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) धरायचा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडायचं, बाग ताणावर सोडायची. पानं पिवळी पडायला लागली की इथ्रेल, म्हणजे पानं पाडायचं औषध, मारायचं, त्यात थोडं १८:४६ (डीएपी खत). आठवड्याभरात बाग उघडी-बोडकी होते. मग हलकी छाटणी, खत, पाणी, आणि कळी निघते.

माझा अनुभव असा की ताण नीट बसला नसेल तर इथ्रेल कितीही मारा, पानं हटत नाहीत. शेजारच्या प्लॉटवर दोन वर्षांमागे तसंच झालं. जमीन भारी, ओल धरून होती, पानं हिरवीगार. पहिल्या फवारणीने काही झालं नाही म्हणून चौथ्या दिवशी दुप्पट मात्रा मारली. पानं पडली, पण शेंडेही वाळले आणि पुढची कळी गेली. पानंच ऐकत नव्हती, औषध वाईट नव्हतं. तुमचं ऑक्सिनचं वाचून आज कळलं, का ते.

एक विचारायचं होतं. डिसेंबरात थंडी जास्त असली की इथ्रेलला दिवस जास्त लागतात. असं का?

देवराई (१२ जानेवारी, रात्री ११:२०)

दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या लेखापेक्षा त्यात जास्त आहे.

इथ्रेल म्हणजे इथेफॉन. बाटलीत ते आम्लात असतं म्हणून टिकतं. पानात शिरलं की पेशीरसाची आम्लता कमी असल्यामुळे ते फुटतं आणि इथिलीन, क्लोराइड, फॉस्फेट असे तीन तुकडे होतात. हे फुटणं तापमानावर चालतं. थंडीत सावकाश, कडक उन्हात भराभर. म्हणून डिसेंबरात दिवस जास्त लागतात. पंपातलं पाणी क्षाराचं असेल, आपल्याकडचं बोअरचं बऱ्याचदा असतं, तर ते पानावर पडण्याआधी पंपातच फुटायला लागतं आणि वायू हवेत जातो. द्रावण कालवून तासन् तास ठेवू नका आणि पाण्याचा सामू (पीएच) आधी तपासा.

हिरव्यागार बागेवर ते चालत नाही, हे तर या सगळ्या विषयाचं मर्म आहे. तुम्ही बाहेरून वायू दिलात, पण पानाचं ऑक्सिन अजून देठातून वाहतंय. ताण देऊन तुम्ही ती धार बारीक करता, मग थोडा वायूही पुरतो. डाळिंबाला ऋतू तुम्ही आणता, मॅडम फक्त त्याचं पुस्तकी नाव सांगते.

परदेशी_पाखरू (१३ जानेवारी, पहाटे ५:०२)

मॅसॅच्युसेट्समधून. इथे बाहेर गुडघाभर बर्फ आहे, आणि माझ्या खिडकीसमोरच्या ओकवर अजून सगळी तपकिरी पानं लटकून आहेत. शेजारचे मेपल ऑक्टोबर अखेरीलाच रिकामे झाले. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हा ओक मेला. तुमच्या फणसाच्या फांदीचं वाचून ताडकन उठले. मग ओकचं काय? फांद्या जिवंत आहेत, वसंतात पालवी येते, तरी पान सुटत नाही.

आणखी एक. इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर पीटर्सहॅमला हार्वर्ड फॉरेस्ट म्हणून संशोधनाचं जंगल आहे. तिथे नव्वदच्या दशकात जंगलावर उंच मनोरा उभारून हवेतून इथिलीन मोजलं होतं. अख्खं जंगल दिवसा ते सोडत होतं आणि ऊन जितकं तितकं जास्त, असं निघालं. एका पानाचं नॅनोलिटर वाचून हसू येतं, पण जंगलभर पानं म्हटली की मनोऱ्यावरच्या यंत्राला कळतं.

देवराई (१३ जानेवारी, सकाळी ७:४५)

पाखरू ताई, ओक आणि बीचची कोवळी झाडं किंवा खालच्या फांद्या हिवाळाभर वाळकी पानं धरून ठेवतात. तिथे देठाच्या बुडाचा पट्टा शरदात अर्धवटच तयार होतो. हिवाळा येतो, पान वाळतं, काम तसंच थांबतं, आणि वसंतात कळ्या फुगू लागल्या की उरलेलं काम पूर्ण होऊन पानं पडतात. म्हणजे फणसाच्या फांदीत काम सुरूच झालं नाही, तुमच्या ओकमध्ये ते निम्म्यावर थांबलं. दोन्हीकडे पान वाळलेलं आहे, पण वाळण्याने ते सुटलेलं नाही.

तुमच्या रस्त्यावर दिव्याच्या खांबाला लागून झाडं असतील तर एक पाहा. मॅट्झ्के नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या झाडांबद्दल लिहिलं होतं, की विजेच्या दिव्याजवळच्या फांद्या पानं जास्त दिवस धरून ठेवतात. दिव्यामुळे त्यांना दिवस मोठा वाटतो. त्याच्या सत्तर-बाहत्तर वर्षं आधी दिव्याच्या वायूने झाडं अवेळी बोडकी केली, आणि पुढे दिव्याच्या उजेडाने ती अवेळी हिरवी ठेवली. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं लिहिणं थांबवून वर बघायची.

सह्यभटक्या (१३ जानेवारी, दुपारी १:१५)

लेख आवडला, पण एक हरकत आहे. मी दर आठवड्याला डोंगरात असतो. एकाच उतारावरचा साग बघा. माथ्यावरच्या खडकाळ जागी डिसेंबरातच पानं खरखर वाजायला लागतात. खाली ओढ्याकाठचा साग फेब्रुवारी संपेपर्यंत हिरवा असतो. थंडी तीच, दिवसाची लांबी तीच. फरक फक्त पाण्याचा. मग सरळ म्हणा ना की पाणी संपलं म्हणून पान गळलं. वायूला मधे आणायचं कारण काय? तो वायू म्हणजे कारण आहे की नुसती खूण?

देवराई (१३ जानेवारी, रात्री ८:३०)

भटक्या, हरकत रास्त आहे आणि तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं. सागाला गळायची वेळ पाणीच सांगतं. उत्तर युरोपातल्या झाडांना ती दिवसाची लांबी सांगते. स्वीडनमधल्या उमिओ गावातल्या ॲस्पेनवर संशोधकांनी वर्षामागून वर्षं नोंदी केल्या, तर पानांचं पिवळं पडणं दरवर्षी सप्टेंबरच्या जवळपास त्याच तारखांना सुरू झालं, हवा थंड असो की उबदार. निरोप देणारा वेगवेगळा असतो. पण निरोप मिळाल्यावर देठाच्या बुडाशी कात्री चालवणारा हात सगळीकडे एकच, म्हणून मी त्याच्यावर लिहिलं.

कारण की खूण, याचं उत्तर रोपांवर मिळालं आहे. अराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात इथिलीन ओळखणारं प्रथिन बिघडलेली रोपं सापडली. त्यांना इथिलीन "ऐकू" येत नाही. त्यांची पानं जास्त दिवस हिरवी राहतात, पण शेवटी पिवळी पडतातच. म्हणजे इथिलीनशिवायही पान म्हातारं होतं, फक्त उशिरा. हेच बिघडलेलं जनुक फिनलंडमध्ये बर्चमध्ये घातलं, तेव्हा दिवस लहान झाल्यावर त्या झाडांच्या शेंड्यांना हिवाळ्यासाठीच्या कळ्या धड धरताच आल्या नाहीत. झाडाला ऋतू बदलल्याचं कळलं होतं, पण त्यावर करायचं काम नीट होत नव्हतं. तेव्हा नुसती खूण म्हणून मी त्याला सोडून देणार नाही, आणि एकटं कारणही म्हणणार नाही. ऑक्सिन, ॲब्सिसिक आम्ल, साखर, पाणी, सगळे त्या निर्णयात बसलेले असतात.

सह्यभटक्या (१३ जानेवारी, रात्री ९:०५)

हात आणि निरोप. मान्य. पुढच्या रविवारी माथ्यावरच्या आणि ओढ्याच्या सागाची प्रत्येकी वीस पानं ओढून बघतो. सुटतात की फाटतात ते लिहितो.

संत्राबाग (१५ जानेवारी, सकाळी ६:५०)

ताई, वरुडकडचा आहो. तुमचा धागा आमच्या गटात फिरून राहिला. माझा प्रश्न उलटा आहे. आंबिया बहारासाठी यंदा चांगला पस्तीस दिवस ताण दिला. पानं मलूल झाली, थोडी गळली, पण झाडं उभी होती. परवा ताण तोडला, दांडाने भरपूर पाणी सोडलं. वाटलं आता झाडं हसतील. तर काल सकाळपासून पानं ढिगाने पडून राहिली! पाणी नव्हतं तेव्हा टिकली आणि पाणी दिल्यावर पडली. कोणी म्हणते बुरशी, कोणी म्हणते जमिनीत गरमी झाली. औषध विकणाऱ्याने तीन बाटल्या लिहून दिल्या. काय करू?

देवराई (१५ जानेवारी, सकाळी ८:१०)

भाऊ, बाटल्या आत्ता उघडू नका. तुम्ही जे पाहिलं ते लिंबूवर्गात नीट अभ्यासलेलं आहे, सविस्तर सांगते.

इथिलीन एकदम तयार होत नाही. पेशीत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यापासून एसीसी नावाचा पदार्थ बनतो आणि एसीसीपासून इथिलीन. ही साखळी ॲडम्स आणि शांग फा यांग यांनी १९७९ मध्ये उलगडली. यातली शेवटची पायरी वेगळी जागा धरून होऊ शकते. एसीसी मुळात बनेल आणि इथिलीन पानात होईल, असंही घडतं.

स्पेनमध्ये क्लिओपात्रा नावाच्या संत्र्यावर ताणाचा प्रयोग झाला, निष्कर्ष १९९२ मध्ये आले. ताणाच्या काळात मुळांमध्ये एसीसी साठत गेलं. पण झाडातून पाणीच वर चढत नव्हतं, त्यामुळे ते मुळातच अडकून राहिलं. पाणी दिल्याबरोबर रस वर चढला, साठलेलं एसीसी त्याच्याबरोबर पानात गेलं, तिथे त्याचं इथिलीन झालं आणि पानं गळली. ताणात गळली नाहीत, पाण्यानंतर गळली. अगदी तुमच्या बागेसारखं.

आता तुमच्या झाडांकडे बघा. पडलेलं पान उचला. देठाचं बूड स्वच्छ गोल असेल आणि पानावर डाग नसतील तर ही झाडाने स्वतः सोडलेली पानं आहेत. फांदीचा शेंडा नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर डोळे जिवंत आहेत आणि नवती फुटेल. बुडाशी काळपट चिकटपणा, सालीवर डिंक किंवा बारीक मुळ्या कुजलेल्या दिसल्या तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा कृषी विद्यापीठाच्या माणसाला बाग दाखवाच.

आणि आता दांड बंद करा. मुळाशी पाणी तुंबलं तरी एसीसीच वाढतं. शेवटच्या पायरीला ऑक्सिजन लागतो, तो पाण्याखालच्या मुळात नसतो. मग एसीसी वर जातं आणि पानात इथिलीन होतं. पावसाळ्यात पाणी साचलेल्या वाफ्यात टोमॅटोची पानं खाली मान घालतात ना, ते याच्यामुळेच.

डाळिंबाचा_मळा (१५ जानेवारी, सकाळी ९:३०)

म्हणूनच आमचे वडील पहिलं पाणी कधी भरून देत नसत. आधी हलकं आंबवणीचं, मग चार-पाच दिवसांनी बेताचं, मग भरून. "उपाशी माणसाला पहिल्या दिवशी पंगत वाढू नये," म्हणायचे. भाऊ, घाबरू नका, आमच्याकडेही होतं हे.

संत्राबाग (१५ जानेवारी, सकाळी ९:५२)

खरवडून पाहिलं. हिरवं आहे. बूड गोल, साफ. दांड बंद केला. उपकार झाले.

एक अजून. आम्ही फळगळीला एनएए मारतो, ते काय असते मग?

देवराई (१५ जानेवारी, सकाळी १०:२०)

एनएए म्हणजे कृत्रिम ऑक्सिन, भाऊ. फळाच्या देठालाही असाच पट्टा असतो. एनएए मारून तुम्ही त्याला सांगता की अजून वरून पुरवठा चालू आहे, सोडू नको. डाळिंबाचे दादा इथिलीन देऊन पान पाडतात, तुम्ही ऑक्सिन देऊन फळ धरता. एकाच तागडीची दोन पारडी.

अंगणवेल (१६ जानेवारी, दुपारी ४:४०)

किती सुरेख धागा आहे! मला घरगुती प्रश्न आहे. आमच्या कॉलनीत रोज पालापाचोळ्याचे ढीग पेटवतात. भिंतीला लागून माझ्या मिरचीच्या कुंड्या आहेत, त्यांची फुलं आणि खालची पानं गळतात. ढिगातून निघणाऱ्या वायूने असेल का? आणि गळलेली पानं झाडाखाली पडून राहिली तर तीही झाडाला गळायला लावतात का?

देवराई (१६ जानेवारी, सायंकाळी ६:१५)

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. उघड्या हवेत नाही. वायू पसरून विरतो. बंद खोलीत, पेटीत, पिशवीत साठला तरच परिणाम दिसतो.

धुराचं मात्र खरं असू शकतं. जळणाऱ्या पाल्याच्या धुरात इथिलीन असतंच. आपल्याकडे केळी पिकवायला बंद खोलीत धुरी देत, ती याच गुणावर. मिरची इथिलीनला फार हळवी आहे, फुलं तर पटकन टाकते. फुलकिडे आणि उन्हाचीही शक्यता आहे, पण स्वतः पडताळून बघा. एक कुंडी घराच्या दुसऱ्या बाजूला पंधरा दिवस ठेवा. किंवा एक कुंडी मोठ्या पारदर्शक पिशवीत दोन पिकलेल्या केळ्यांसह सावलीत झाका, दुसरी तशाच पिशवीत केळ्यांशिवाय. तीन-चार दिवसांत उत्तर खाली पडलेलं दिसेल.

आणि तो ढीग पेटवू देऊ नका, ताई. झाडाने नत्राचा मोठा वाटा काढून घेतला असला तरी बाकीचं सगळं त्या पाल्यात आहे. ओलावा देऊन कोपऱ्यात रचला की पावसाळ्यापर्यंत काळं सोनं होतं. मी आमच्या सोसायटीत हे चार वर्षं भांडून मिळवलं आहे आणि पुन्हा भांडायची माझी तयारी आहे.

सह्यभटक्या (१९ जानेवारी, रात्री ८:००)

सागाची पानं ओढली. माथ्यावर वीसपैकी सतरा नुसत्या हात लावण्याने सुटली. ओढ्याकाठी वीसपैकी दोन. बाकीची ओढताना फांदीची सालही सोलून आली, म्हणून सहानंतर थांबलो, झाडाला उगाच इजा नको. सुटलेल्या पानांच्या बुडाचा वण खापरासारखा कोरडा, आणि त्यात ठिपक्यांची कमान. इतकी वर्षं सागाखालून चाललो, हे कधी उचलून पाहिलं नव्हतं.

माथ्यावरचा एक साग पूर्ण वाळका होता, वणव्यात गेलेला. त्याच्यावर मागच्या वर्षीची दोन-तीन पानं अजून लटकलेली. लगेच तुमचा फणस आठवला.

परदेशी_पाखरू (२० जानेवारी, पहाटे ४:३०)

हे इतकं कमी प्रमाण पानातून मोजतात तरी कसं?

देवराई (२० जानेवारी, सकाळी ७:१०)

पान काचेच्या बंद बाटलीत तासभर ठेवतात, रबरी बुचातून सुईने एक मिलिलिटर हवा ओढतात आणि वायू-वर्णलेखी यंत्रात (गॅस क्रोमॅटोग्राफ) सोडतात. १९५९ च्या सुमारास हे यंत्र या कामाला आलं आणि विषयच बदलला. त्याआधी वाटाण्याचं रोप किती वाकलं यावर अंदाज बांधत. एक अडचण अजूनही आहे. पान तोडलं की जखमेमुळेच ते जास्त इथिलीन सोडतं. त्यामुळे जखमेचा भर येण्याआधी मोजणी उरकावी लागते किंवा फांदीवरच पानाला पिशवी बांधावी लागते. झाडांचे ऋतू नोंदवताना माणसाला हे सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं.

देवराई (२६ जानेवारी, सकाळी ११:३०)

प्रयोगाचा निकाल. सोसायटीच्या कुंपणभिंतीत पिंपळाचं कमरेएवढं रोप आहे. १२ तारखेला त्याच्या सहा पानांची पाती कात्रीने कापून लांब देठ तेवढे ठेवले. तीन देठांच्या टोकाला नर्सरीत मिळणारी मुळं फुटायची पावडर व्हॅसलिनमध्ये कालवून लावली (तिच्यात ऑक्सिनच असतं), तीन देठांना नुसतं व्हॅसलिन. बाकीची पानं तशीच ठेवली.

नुसतं व्हॅसलिन लावलेले तिन्ही देठ गेल्या सोमवारपर्यंत पडले. पावडर लावलेले तिन्ही आज सकाळी जागेवर होते, हिरवे. एकाला मी हलकेच ओढलं, सुटला नाही. धडकी पानंही सगळी जागेवर आहेत.

मावशींना दाखवलं. त्या बराच वेळ देठांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पान नाही, तरी त्याला वाटतंय पान आहे."

संत्राबाग (२ फेब्रुवारी, सायंकाळी ५:२५)

ताई, पानगळ दहा दिवसांत थांबली. दुसरं पाणी हलकं दिलं. आज खालच्या तीन ओळींत गव्हाच्या दाण्याएवढी नवती दिसली, आणि दोन झाडांवर पांढऱ्या कळ्या.